पायरीवरची सावली

हिरोशिमातील सुमितोमो बँकेच्या दगडी पायरीवर ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी कोणीतरी बसले होते. बहुधा बँक उघडण्याची वाट पाहत. सव्वाआठला अणुबॉम्ब फुटला. स्फोटाच्या थेट खालची जागा तेथून जेमतेम २६० मीटरवर. तीव्र उष्णताकिरणांनी भोवतालचा दगड पांढुरका पडला, शरीराच्या आडोशाचा तेवढा काळसर राहिला. म्हणजे ज्याला आपण सावली म्हणतो, तिथे बदलला तो मुख्यतः बाजूचा दगड. (वर्गात हे सांगण्याआधी मुलांना विचारून पाहावे.)

१९५२ पर्यंत जपानवर परकीय लष्करी अंमल होता आणि अणुबॉम्बविषयी छापण्यावर, विशेषतः आरंभीच्या वर्षांत, कडक बंधने होती. पायरी मात्र भर रस्त्यावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर. ऊनपावसाने डाग पुसट होत चालला. १९५९ मध्ये कुंपण घातले, १९६७ मध्ये काच बसवली. १९७१ मध्ये इमारत नव्याने बांधताना पायऱ्या कापून शांतता स्मारक संग्रहालयात नेल्या. डाग वाचला, पण रस्त्यावरून जाता-येता दिसेनासा झाला. हा सौदा आम्हाला अजून पुरता पटलेला नाही.

सावली कोणाची, हे निश्चित ठरलेले नाही. ती आपल्याच माणसाची असावी, असे सांगणारी कुटुंबे मात्र एकाहून अधिक आहेत.