हलकी बंदूक आणि खांद्याचा हिशेब



कामगार-चळवळीतल्या माणसाने बंदुकीच्या इतिहासावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु बंदूक घडविणारा कामगार असतो, ती वाहणारा बहुधा शेतकऱ्याचा मुलगा असतो, आणि ती कशी असावी हे ठरविणारा या दोघांपैकी क्वचितच कोणी असतो. म्हणून हा विषय आम्हांला परका वाटत नाही. आज आम्ही एकच प्रश्न घेणार आहो : बंदूक हलकी केली म्हणजे तिचा भार जातो कोठे?

प्रथम हिशेब पाहू. न्यूटनने १६८७ साली मांडलेला नियम शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. बंदूक गोळीला जितक्या जोराने पुढे ढकलते, तितक्याच जोराने गोळी बंदुकीला मागे ढकलते. काडतूस तेच ठेवले आणि बंदुकीचे वजन कमी केले, तर बंदूक अधिक वेगाने मागे येते. नऊ पौंडांची रायफल सात पौंडांची केली, तर खांद्यावर आदळणारी शक्ती सुमारे सव्वापट होते. वाहताना वाचलेले दोन पौंड झाडताना व्याजासह वसूल होतात.

या धक्क्याचा नेमाशीही संबंध आहे. दोन-चार वेळा खांदा दुखला की माणूस पुढच्या वेळी आधीच अंग चोरतो. डोळा मिटतो, आणि चाप हळूहळू दाबण्याऐवजी बोट हिसका देते. दुसरी गोष्ट पोलादाची. गोळी सुटताना नळी थरथरते. पातळ नळी लवकर तापते, आणि तापून दस्त्याच्या लाकडाला एका बाजूने टेकली की गोळी भलतीकडे जाते. लेथचा बेड इतका जड का ओततात, हे कोणा फिटरला समजावून द्यावे लागत नाही. बेड हलला तर माप चुकते. बंदुकीचेही तसेच आहे.

आता इतिहासाकडे वळू. बोल्टची रायफल पूर्णत्वास नेली ती जर्मनीतील ओबर्नडॉर्फच्या पाउल माउझरने. त्याच्या १८९८ च्या रायफलीत बोल्टच्या पुढल्या टोकाशीच मुख्य पकड होती, त्यामुळे स्फोटाचा ताण काडतुसाजवळच अडविला जाई. त्याचेच सात मिलिमीटरचे काडतूस १८९३ च्या स्पॅनिश रायफलीबरोबर प्रसिद्धीस आले. लंडनच्या रिग्बी कंपनीने तेच '२७५' या नावाने शिकाऱ्यांना विकले. कुमाऊँतील चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला जी रायफल भेट मिळाली, ती हीच २७५ रिग्बी. आफ्रिकेत बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, तेही बहुतांशी याच काडतुसाने. तो संहार आज कोणी वाखाणणार नाही. पण इतर शिकारी जड दुनळी बंदुकांचे प्रचंड धक्के सोसत असता, बेलने सौम्य धक्का आणि नेमका नेम पसंत केला. हलकी बंदूक हवी तर काडतूसही सौम्य हवे, हा पहिला धडा येथे मिळाला होता.

दुसऱ्या महायुद्धात तो बाजूला पडला. ३०३ रायफल आपल्याला अनोळखी नाही. कलकत्त्याजवळच्या ईशापूर कारखान्यात त्या बनत, आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर त्या अनेक दशके होत्या. ब्रिटिश सैन्याच्या नंबर चार ३०३ रायफलीचे वजन सुमारे नऊ पौंड होते. रानावनांतील लढाईस ती लांब व जड म्हणून १९४४ पासून इंग्लंडमध्ये नंबर पाच बनू लागली. सैनिक तिला 'जंगल कार्बाइन' म्हणू लागले. पंचवीस इंचांची नळी एकोणीस इंचांच्या आत आणली. बोल्ट ज्या पोलादी घरात सरकतो, ते घर आणि नळीचे मूळ येथूनही धातू खरवडून काढला. वजन सात पौंडांवर आले. काडतूस मात्र तेच राहिले. आखूड नळीतून ज्वाळा फार निघे, म्हणून तोंडाला नरसाळे बसविले. खांद्यासाठी रबराची गादी दिली, पण ती दस्त्याहून अरुंद असल्यामुळे धक्का थोड्या जागेत एकवटे.

लवकरच तक्रार आली की, आज जुळवलेला नेम उद्या जुळत नाही. 'भटकता नेम' हेच त्या दोषाचे नाव पडले. या जातीच्या रायफलीत बोल्टची पकड मागल्या बाजूस असते, त्यामुळे स्फोटाचा ताण सबंध घराला पेलावा लागतो; आणि तेच घर कोरून पातळ केलेले! कारणाविषयी आजही एकमत नाही, आणि आपल्या नगात हा दोष नाही असे सांगणारे नेमबाजही आहेत. पण तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी दोष रचनेतच असल्याचे मानून १९४७ साली उत्पादन थांबविले. तोवर सुमारे अडीच लाख रायफली तयार झाल्या होत्या. त्या टाकून थोड्याच देणार? १९४८ नंतर मलायातील लढाईत सैनिकांच्या खांद्यावर त्याच होत्या.

पुढे शिकारी रायफलींच्या कारागिरांनी हाच प्रश्न अधिक समजुतीने सोडविला. अमेरिकेत विंचेस्टरने १९५२ साली 'फेदरवेट' ही हलकी रायफल काढली, ती आटोपशीर अशा नव्या ३०८ काडतुसासह. १९८० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियाच्या मेल्विन फोर्ब्झ या कारागिराने सुमारे पाच पौंडांची रायफल करून दाखविली. त्याने लाकडी दस्ता काढून केव्हलर व ग्रॅफाइटचा ताठ दस्ता घडविला आणि नळी त्यात टोकापर्यंत सारखी बसविली. ती कोठेही एकांगी टेकू नये, ही त्यातली खुबी. एवढी हलकी रायफलही नेमकी चालते, हे त्याने सिद्ध केले. अर्थात जोरकस काडतूस घातले तर तीही खांदा सोडत नाही.

तात्पर्य, हलकेपणाशी आमचे वैर नाही. डोंगर चढणाऱ्याला एकेक पौंड मोलाचा असतो. परंतु कोठे कापावे आणि कोठे कापू नये, हे ज्ञान वजनकाट्यावर मिळत नाही. ते सांध्यात पोलाद बसविणाऱ्या हाताजवळ आणि धक्का खाणाऱ्या खांद्याजवळ असते. त्या दोघांना आधी विचारले तर मागाहून तक्रारी ऐकण्याची पाळी येत नाही.