रक्ताची साक्ष

आमच्या युनियनच्या कचेरीत येणाऱ्या तक्रारींत पाठदुखीची तक्रार फार जुनी, आणि सिद्ध करायला फार अवघड. एका तरुण फिटरची पाठ पहाटे लाकडासारखी ताठ होई. हालचाल केली की सैल पडे. "काम केल्यावर बरे वाटते ना, मग रजा कशाला?" असे साहेबांनी विचारले. रक्ताचा रिपोर्टही निर्दोष! त्या रिपोर्टाचा अर्थ लावता लावता आम्ही वैद्यकाच्या इतिहासात शिरलो. शाळा आमची लवकर सुटली. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

रक्त नळीत उभे ठेवले की तांबड्या पेशी तळाशी बसतात, आणि शरीरात दाह असला की बहुधा लवकर बसतात. पोलंडच्या बियरनाकीने हे १८९७ साली मांडले. १९१८ साली स्वीडनच्या फोरेअसला गर्भवती स्त्रियांच्या रक्तात हाच वेग वाढलेला दिसला. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात एक नवा पदार्थ सापडला. तोच आजचा सीआरपी. दाहाची वर्दी मिळताच यकृत तो तयार करते. पण हे दोन्ही साक्षीदार गिरणीच्या भोंग्यासारखे. आग लागली एवढे सांगतात, कोणत्या खात्यात ते सांगत नाहीत. कधी कधी तर आग असूनही भोंगा वाजत नाही.

खाते शोधले ते बेल्जियमच्या घेंट शहरात. तेथे मिलांट्स आणि व्हेज यांनी १९८०नंतरच्या दशकात कण्याच्या संधिवाताच्या रोग्यांची आतडी दुर्बिणीने तपासली. पोटाची काहीच तक्रार नसलेल्यांतही पुष्कळांच्या आतड्यांत दाह निघाला. दुखणे पाठीचे, धग आतड्यात! पण प्रत्येकाच्या पोटात नळी कोण घालणार?

याच सुमारास, १९८० साली, नॉर्वेच्या फागरहोलने पांढऱ्या पेशींतले एक प्रथिन वेगळे काढले. त्याला पुढे कॅल्प्रोटेक्टिन म्हणू लागले. आतडे सुजले की ते शौचात उतरते. रक्तातही वाढते, परंतु सुजलेला सांधाही ते वाढवतो. २०१६ साली घेंटच्याच मंडळींनी दाखवले की रक्तातले कॅल्प्रोटेक्टिन आणि सीआरपी दोन्ही चढलेले असतील, तर आतड्यात दाह सापडण्याचा संभव बराच वाढतो. म्हणजे रक्ताने संशयित निवडावेत, शौचाने संशय पक्का करावा, आणि मगच नळी.

हा नुसता पांडित्याचा प्रश्न नव्हे. सांध्यांना उतार देणारे सेक्युकिनुमॅब हे औषध क्रोन या आतड्याच्या रोगात उपयोगी पडले नाही, उलट अपायाची चिन्हे दिसली, हे २०१२ साली प्रसिद्ध झाले. आतडे न पाहता औषध द्यावे कसे?

वेदनाशामक गोळ्यांनीही शौचातले कॅल्प्रोटेक्टिन वाढते. म्हणून डॉक्टरांनी आमच्या फिटरला तपासणीआधी काही आठवडे त्या बंद करायला सांगितल्या. गोळीवाचून त्याला यंत्रापाशी उभे राहता येईना. आम्ही रजेचा अर्ज घेऊन पुन्हा साहेबांकडे गेलो. या खेपेस तो मंजूर झाला, पण बिनपगारी.