सिंह, चित्रपटांतील : माणसाशी असलेले नाते

सिंह आणि माणूस यांच्यातली माया, मैत्री किंवा वैर हा ज्यांच्या कथेचा कणा आहे, किंवा ज्यांत जिवंत सिंहासमोर नटाला उभे केले आहे, असे चित्रपट हा या नोंदीचा विषय आहे. प्रेक्षकाला असे नाते दोघांचे वाटते : एक जनावर आणि एक माणूस. चित्रीकरण कसे झाले ते तपासले, की तिसरा सापडतो. तो म्हणजे सिंहाला वाढवणारा, शिकवणारा किंवा आवरणारा माणूस. सर्कशीत त्याला रिंगमास्टर म्हणतात आणि तिथे तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. चित्रपटात तो चौकटीबाहेर उभा असतो. पडद्यावरचे नाते किती खरे मानायचे हे ठरवताना सिंह खरा होता का, यापेक्षा हा तिसरा माणूस किती लपवला आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. मराठी मुलखात तर ही कसोटी फारच गरजेची आहे, कारण इथे सिंहाची ओळख रानातून झालेली नाही.

पार्श्वभूमी : आशियाई सिंह एके काळी उत्तर आणि मध्य भारतात पसरलेला होता, त्याच्या पसाऱ्याची दक्षिण सीमा सामान्यतः नर्मदा मानली जाते. आज तो गुजरातेतील गीर आणि भोवतालच्या भागापुरता उरला आहे. 2020 च्या मोजणीत त्याची संख्या 674 होती, 2025 मध्ये ती 891 झाली. मराठी मुलूख या पसाऱ्याबाहेरच राहिला. धाराशिव जिल्ह्यातील येरमाळा हे कळंब तालुक्यातले गाव याचे उदाहरण म्हणून घेता येईल. बालाघाटाच्या डोंगरावर येडेश्वरीचे देऊळ, चैत्र पौर्णिमेची मोठी यात्रा आणि त्या यात्रेत चुनखडी वेचण्याचा विधी यांसाठी हे गाव ओळखले जाते. या टापूतल्या माणसाला बिबट्या, तरस, लांडगा ठाऊक असतात. शेतात माग दिसतो, शेळी जाते, रात्री राखण करावी लागते. सिंहाची अशी एकही खूण कोणाच्या बांधावर उमटलेली नाही. तो भेटतो देवीच्या तसबिरीत, तुळजाभवानीच्या मूर्तीतल्या वाहनात, गडाच्या आणि माणसांच्या नावांत. या वाहनाला लगाम नाही, चाबूक नाही, त्याला शिकवणारा कोणी नाही. देवीच्या नुसत्या असण्याने तो नमलेला आहे. जत्रेतल्या तंबूत सर्कस आली, मग फिरता सिनेमा आला, तेव्हा प्रेक्षकाच्या मनात सिंहाचे हे एकच चित्र आधीपासून तयार होते. ताडून पाहायला दुसरा अनुभव नसल्यामुळे पडद्याने दाखवलेला सिंह त्याच चित्रावर जाऊन बसला.

सर्कशीचा वारसा : विष्णुपंत छत्रे यांची ग्रेट इंडियन सर्कस 1880 मध्ये मुंबईत उभी राहिली, आणि पुढे सांगली-मिरज-तासगावचा टापू सर्कशीच्या माणसांसाठी नावाजला. पुण्यात 1902 मध्ये जन्मलेले दामू धोत्रे याच परंपरेतले. हिंस्र जनावरांचे खेळ करत ते 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीपर्यंत पोहोचले. त्यांच्या आठवणींच्या मराठी पुस्तकाचे नाव ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ असे आहे. सख्याची भाषा खोटी नाही. पण या सख्याला रोज ठरलेल्या वेळी मांस लागते, पिंजरा लागतो आणि अंतराचे अचूक भान लागते. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी या अंतराचा उलगडा केला आहे. माणूस ठरावीक अंतराच्या आत आला, की जनावर मागे सरते. मागे सरायला जागा नसताना माणूस आणखी जवळ आला, तर ते अंगावर येते. रिंगमास्टर या दुसऱ्या रेषेच्या आत पाऊल टाकतो, सिंह त्याच्या दिशेने निघतो. वाटेत स्टूल ठेवलेले असते, सिंह त्यावर चढतो. त्याच क्षणी रिंगमास्टर एक पाऊल मागे घेऊन रेषेबाहेर जातो आणि सिंह स्टुलावर थांबतो. पाहणाऱ्याला वाटते, हुकूम झाला आणि सिंहाने तो मानला. खरे तर एका पावलाचा हिशेब जुळलेला असतो. सर्कशीचा प्रेक्षक निदान तो पाऊल टाकणारा माणूस पाहत असतो आणि टाळ्याही त्यालाच देतो.

मराठी संदर्भातील चित्रपट : परळच्या वाडिया मूव्हीटोनमध्ये होमी वाडियांनी दिग्दर्शित केलेल्या ‘जंगल प्रिन्सेस’ (1942) मध्ये अभिनेत्री नादियाने खऱ्या सिंहांबरोबर काम केले. ती स्वतः काही काळ सर्कशीत होती, त्यामुळे तिच्या पडद्यावरच्या धिटाईत सर्कशीचा अंश उघड दिसतो. पुढे हाच स्टुडिओ व्ही. शांताराम यांच्याकडे येऊन राजकमल कलामंदिर झाला. राजकमलचा पहिला चित्रपट ‘शकुंतला’ (1943). त्याच कथेकडे शांताराम ‘स्त्री’ (1961) मध्ये परतले. दुष्यंताची भूमिका त्यांनी स्वतः केली आणि शकुंतलेची संध्या, म्हणजे विजया देशमुख, यांनी. शकुंतला आणि भरत रानात सिंहांच्या सहवासात राहतात, म्हणून शांतारामांनी काही दृश्यांत खरे सिंह आणले. संध्या यांनी डमी घेतली नाही. त्यांनी सिंहांच्या शिक्षकाशी ओळख वाढवली आणि पिंजऱ्यात जाऊन सराव केला. या कथेचे मूळ कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या सातव्या अंकात आहे. तिथे लहानगा सर्वदमन, म्हणजेच भरत, सिंहिणीचे दूध पीत असलेला छावा ओढून आणतो आणि त्याचे दात मोजायला निघतो. नाटकात हे धैर्य मुलाच्या रक्तातले आहे, कोणी शिकवलेले नाही. त्याच धैर्यावरून राजाला आपले मूल ओळखायचे असते. रंगभूमीवर हा प्रसंग अभिनयाने आणि संवादाने भागतो. कॅमेऱ्याला मात्र सिंह दाखवावा लागतो, आणि सिंह दाखवायचा तर शिक्षक आणावा लागतो. म्हणजे कथेला जो माणूस मुळीच नको आहे, त्याच्याशिवाय चित्रीकरण एक पाऊल पुढे जात नाही. ‘स्त्री’मधला ताण नेमका इथे आहे : पडद्यावर आश्रमातली अकृत्रिम माया, आणि तिच्यामागे पिंजऱ्यात घेतलेली तालीम.

एकाच चौकटीचा प्रश्न : फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी ‘व्हेअर नो व्हल्चर्स फ्लाय’ (1951) या ब्रिटिश चित्रपटातला एक प्रसंग चर्चेला घेतला होता. पूर्व आफ्रिकेत एक मुलगा सिंहाचा छावा उचलतो आणि सिंहीण त्याच्या मागे लागते. कालिदासाच्या प्रसंगाशी हे साम्य लक्षणीय आहे. आधी मुलगा वेगळा आणि सिंहीण वेगळी दिसते. मग दिग्दर्शक आईबाप, मुलगा आणि सिंहीण यांना एकाच चौकटीत दाखवतो, आणि बाझँ यांच्या मते तिथेच प्रसंग खरा होतो. तुकडे जोडून दाखवलेले धाडस आणि एका चौकटीत घडलेले धाडस यांत फरक आहे, हा त्यांचा मुद्दा पटण्यासारखा आहे. पण तो अर्धाच आहे. ती सिंहीण थोडीबहुत माणसाळलेली होती, हे बाझँ यांनाही ठाऊक होते. एकच चौकट एवढेच सिद्ध करते, की दोघे एका जागी होते. ते कशामुळे एका जागी राहू शकले, हे ती सांगत नाही. उलट चौकट जितकी अखंड, तितका तिच्याबाहेरचा माणूस अधिक विसरला जातो.

माया आणि तिचा खर्च : या प्रकारातला सर्वांत प्रभावी चित्रपट म्हणजे जॉय ॲडम्सन यांच्या पुस्तकावरचा ‘बॉर्न फ्री’ (1966). एल्सा नावाच्या सिंहिणीला वाढवून पुन्हा रानात सोडल्याची ही केनियातली हकीगत. व्हर्जिनिया मॅककेना आणि बिल ट्रॅव्हर्स यांनी मुख्य भूमिका केल्या, जॉय यांचे पती जॉर्ज ॲडम्सन सल्लागार होते, आणि एल्साच्या कामासाठी अनेक सिंह वापरले गेले. चित्रपट सिंहाच्या मुक्ततेचा गौरव करतो. चित्रीकरण संपल्यावर मात्र त्यातले बहुतेक सिंह प्राणिसंग्रहालयांत गेले. बॉय, गर्ल आणि उगास हे तिघे जॉर्ज ॲडम्सन यांच्याकडे आले आणि त्यांना रानात रुळवण्याचे काम सुरू झाले. 1971 मध्ये बॉयने ॲडम्सन यांच्या एका मदतनिसाला ठार केले आणि ॲडम्सन यांना त्याला गोळी घालावी लागली. माया खोटी होती असे यावरून ठरत नाही. ती खरी असूनही पुरेशी नव्हती, एवढे मात्र ठरते. याची दुसरी बाजू ‘रोर’ (1981) मध्ये दिसते. नोएल मार्शल आणि टिप्पी हेड्रन यांनी सिंह-वाघांच्या मोठ्या कळपात राहून, जनावरांना रीतसर न शिकवता, केवळ सहवासाच्या भरवशावर हा चित्रपट केला. सुमारे सत्तर जण जखमी झाले. छायाचित्रकार यान द बाँट यांच्या डोक्याची कातडी सोलली गेली. तिसऱ्या माणसाला खरोखरच रजा दिली की काय होते, याचा इतका उघड पुरावा दुसरा नाही.

आक्षेप : पहिला आक्षेप असा, की संध्या किंवा नादिया यांचे धाडस खरे होते, त्यांच्यात आणि सिंहात काचही नव्हती. हे मान्यच आहे. पण पिंजऱ्यात आधी सराव करावा लागला, याचाच अर्थ त्या धाडसाची वाट शिक्षकातून जात होती. ते शिक्षकामुळे शक्य झाले, असे म्हटल्याने अभिनेत्रीचे मोल घटत नाही. चित्रपटाने शकुंतलेच्या दैवी मायेला दिलेले श्रेय तेवढे कमी होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ‘बॉर्न फ्री’सारख्या चित्रपटांनी लोकांच्या मनात सिंहाविषयी कळवळा जागवला, मग थोडी बनवाबनवी चालायला काय हरकत आहे? कळवळा जागला हे खरे. मॅककेना आणि ट्रॅव्हर्स यांनी पुढे 1984 मध्ये ‘झू चेक’ ही मोहीम सुरू केली, तिचीच बॉर्न फ्री फाउंडेशन ही संस्था झाली. पण त्या मोहिमेला निमित्त झाली ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1983 मध्ये मेलेली पोल पोल नावाची हत्तीण, जिच्याबरोबर त्यांनी 1969 च्या एका चित्रपटात काम केले होते. म्हणजे या दोघांना कृतीकडे नेले ते कॅमेरा बंद झाल्यावर जनावराचे काय होते, या जाणिवेने. तिसरा आक्षेप : सिनेमा हा सिनेमाच आहे, तो कोणी खरा मानत नाही. सासू-सून किंवा पाटील-सावकार यांच्या बाबतीत हे ठीक आहे, कारण प्रेक्षक त्यांना घराच्या अनुभवाशी ताडून पाहतो. सिंहाच्या बाबतीत येरमाळ्याच्या प्रेक्षकाकडे ताडायला काही नाही. अशा जागी कथा हीच माहिती होऊन बसते.

कायदा आणि संगणक : केंद्र सरकारने 1998 मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळात वापरण्यास बंदी केली, सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये ती कायम ठेवली. चित्रपटांत इतर प्राणी वापरायचे तरी भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची परवानगी लागते. सर्कशीतला रिंगमास्टर यामुळे संपला आणि पडद्यावरचा सिंह संगणकावर तयार होऊ लागला. जनावराची सुटका झाली, हा लाभ निर्विवाद आहे. तरी या नोंदीचा मुद्दा त्याने निकाली निघत नाही. खऱ्या सिंहाला निदान स्वतःचे वजन, कंटाळा आणि नकार होता. शिक्षकाला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागे, आणि त्याची मर्यादा दृश्यात कुठेतरी उमटत असे. 2019 च्या ‘द लायन किंग’मधला सिंह दिसायला हुबेहूब आहे, पण तो कशालाच नकार देऊ शकत नाही. इथे तिसरा माणूस इतका पूर्ण लपला आहे, की सिंहाचे सगळे वागणे त्याचेच झाले आहे.

मूल्यमापन : वेगळा मार्ग मराठीतच सापडतो, आणि तोही सिंहाऐवजी बिबट्याच्या निमित्ताने. सुजय डहाके यांचा ‘आजोबा’ (2014) हा विद्या अत्रेय यांच्या संशोधनावर आधारलेला चित्रपट. विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडले गेले, आणि तो सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या कडेपर्यंत आला. उर्मिला मातोंडकर यांनी यात संशोधक स्त्रीची भूमिका केली. इथे माणूस जनावराला जिंकत नाही, शिकवतही नाही. त्याचा माग ठेवतो आणि तो माणसांच्या वस्तीलगत कसा निभावतो ते समजून घेतो. मुख्य म्हणजे मधला माणूस झाकलेला नाही. तोच कथेचा विषय आहे. अशा नात्याची गरज कागदावरची नाही. येरमाळ्याजवळच्या येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात 2024 च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत एक वाघ येऊन राहिला. अशा वेळी शेतकऱ्याच्या उपयोगी पडते ते पंचनामा, भरपाई, रात्रीची राखण आणि वनरक्षकाशी बोलणे. देवीच्या वाहनाचे चित्र किंवा शकुंतलेचा सिंह नव्हे. त्या चित्रांचे कलेतले स्थान अबाधित आहे आणि ‘स्त्री’तले धाडस भारतीय चित्रपटसृष्टीच्या इतिहासात मोजले जावे असेच आहे. मात्र सिंह आणि माणूस यांचे नाते सांगतो असा दावा करणाऱ्या चित्रपटाला एक प्रश्न विचारावाच लागतो : या सिंहाला खाऊ कोण घालत होते, आणि चित्रीकरण संपल्यावर तो कुठे गेला? ज्या चित्रपटाकडे याचे उत्तर आहे, तोच नात्याविषयी काही सांगतो. बाकीचे माणसाच्या स्वतःविषयीच्या कल्पना सांगतात.