उपद्रव आणि अतिशयोक्ती : लंडनच्या रस्त्यांवरील वाद्यांविरुद्धच्या तक्रारी (१८३९–१८६४)

शेजाऱ्याचा कोंबडा, खिडकीखाली वाजणारी पेटी, गल्लीतून ओरडत जाणारा विक्रेता यांना इतिहासग्रंथांत सहसा स्थान मिळत नाही. त्यांच्याविषयीच्या तक्रारी मात्र पत्रव्यवहारांत, वृत्तपत्रांत आणि न्यायालयांच्या दप्तरांत विपुल आढळतात. या तक्रारींचे एक लक्षण वाचकाच्या चटकन ध्यानात येते. कारण जितके क्षुल्लक, तितकी शब्दयोजना उग्र असते. तक्रारदार तापट होता असे म्हणून अभ्यासक बहुधा या उग्रतेची वासलात लावतो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, असे आम्हांस वाटते. तक्रार कोणापुढे आणि कोणत्या नियमान्वये मांडावयाची आहे, यावर तिची भाषा फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या एका सुपरिचित प्रकरणाच्या आधारे या विधानाचे विवेचन येथे करावयाचे आहे.

१८३९ च्या महानगर पोलीस कायद्याने लंडनमधील गृहस्थास रस्त्यावरील वादकाला आपल्या घराजवळून निघून जाण्यास सांगण्याचा अधिकार दिला. मात्र त्यासाठी घरातील कोणाचे तरी आजारपण किंवा अन्य वाजवी कारण असणे आवश्यक होते. सांगूनही जो हटणार नाही, त्याला चाळीस शिलिंगांपर्यंत दंड होऊ शके. या कलमात नामनिर्देश झालेले कारण एकच, ते म्हणजे आजारपण. ‘अन्य वाजवी कारण’ कोणते, हे दंडाधिकाऱ्याच्या मतावर राहिले. ज्याच्या घरी कोणी आजारी नाही, पण ज्याला शांतपणे लेखन किंवा गणित करावयाचे आहे, त्याचे गाऱ्हाणे कायद्याच्या भाषेत जवळजवळ निनावी होते. निनावी दुःखाला दुसऱ्या, अधिक गंभीर दुःखाचे नाव घेऊनच न्यायालयात प्रवेश करावा लागतो.

गणनयंत्रांचा प्रवर्तक म्हणून प्रसिद्ध असलेला गणिती चार्ल्स बॅबेज (१७९१–१८७१) याचे लेखन या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याने १८६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तात एक संपूर्ण प्रकरण रस्त्यावरील उपद्रवांना वाहिले आहे. त्यात ऑर्गन, पितळी वाद्यांचे ताफे, ढोल, बॅगपाइप यांच्यापासून दिडकीच्या शिट्टीपर्यंत सर्व वाद्यांची तो यातनेची साधने म्हणून यादी देतो आणि तिच्यात मानवी कंठाचाही समावेश करतो. गेल्या बारा वर्षांत आपल्या कार्यशक्तीचा चौथा हिस्सा या उपद्रवाने नष्ट केला, असा त्याचा हिशोब आहे. त्याहून लक्षणीय आहे त्याचे दुसरे गणित. मंडळ्यांच्या नोंदींवरून लंडनमध्ये कोणत्याही वेळी शेकडा ४.७२ माणसे आजारी असतात असे तो धरतो, आणि त्यावरून वाद्य जेथे ऐकू जाते त्या टापूत कोणी ना कोणी रुग्ण असणारच, असे अनुमान काढतो. या अनुमानात वरवर पाहता केवळ एका गणितज्ञाचा विक्षिप्तपणा दिसतो. परंतु १८३९ चे कलम शेजारी ठेवून वाचले म्हणजे त्याचे प्रयोजन स्पष्ट होते. कायद्याला रुग्ण हवा होता, आणि बॅबेजने तो संख्याशास्त्रातून उपलब्ध करून दिला.

डर्बीचे संसद-सदस्य व मद्यनिर्माते मायकेल टॉमस बॅस यांनी १८६४ मध्ये नवे विधेयक आणले आणि त्याच्या समर्थनार्थ तक्रारींच्या पत्रांचे एक पुस्तकही प्रसिद्ध केले. चार्ल्स डिकन्सने लिहिलेल्या एका पत्रावर टेनिसन, कार्लाइल, मिले आदी लेखक-चित्रकारांच्या सह्या होत्या. आपण वेडे होण्याच्या बेतास आलो आहोत, असा त्याचा सूर होता. यांपैकी कार्लाइलने चेल्सी येथील आपल्या घरावर १८५३ मध्ये खास आवाज रोखण्यासाठी एक खोली बांधवून घेतली होती. शेजाऱ्यांचे कोंबडे आणि पियानो हे त्यामागील मोठे कारण होते. खोलीवर बराच पैसा खर्च झाला. अपेक्षित शांतता मात्र लाभली नाही. व्यंगचित्रकार जॉन लीच त्याच वर्षी, १८६४ मध्ये, हृद्रोगाने वारला, तेव्हा त्याच्या मित्रांनी त्याच्या मृत्यूचा काही दोष रस्त्यावरील गोंगाटाला दिला. अशा प्रकारे आजारपण, वेड आणि मृत्यू अशी तक्रारीची पायरी चढत गेली.

१८६४ च्या कायद्याने जुन्या कलमात एक महत्त्वाची भर घातली. घरातील माणसाच्या नित्य व्यवसायात येणारा व्यत्यय हेही आता पुरेसे कारण ठरले. ज्या दुःखासाठी पूर्वी रुग्ण शोधावा लागे, त्याला स्वतःचे नाव मिळाले.

येथे शब्दांच्या इतिहासाकडे वळणे उपयुक्त ठरेल. इंग्रजीतील ‘न्यूसन्स’ हा शब्द इजा करणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून जुन्या फ्रेंचमार्गे आला असून प्रारंभी त्याचा अर्थ हानी, इजा असाच होता. कटकट हा अर्थ नंतरचा. आपल्याकडील ‘उपद्रव’ या शब्दाची वाटचाल याच दिशेची आहे. आयुर्वेदात मूळ व्याधीच्या पाठोपाठ उद्भवणाऱ्या विकाराला उपद्रव म्हणतात. आज मराठीत डासांचाही उपद्रव होतो आणि पाहुण्यांचाही. ‘छळ’ आणि ‘जाच’ हे शब्दही वापराने असेच सौम्य होत आले आहेत. हानिवाचक शब्द लहानसहान त्रासांसाठी वारंवार योजला की त्याची धार जाते, आणि पुढच्या तक्रारदाराला आणखी तीव्र शब्द शोधावा लागतो. अतिशयोक्ती ही अशा रीतीने भाषेतील एक सतत चालणारी प्रक्रिया आहे. एकट्या बॅबेजला तिचे श्रेय अथवा दोष देणे योग्य नव्हे.

तथापि या भाषेची किंमत कोणाला मोजावी लागली, हा प्रश्न उरतोच. ऑर्गन वाजवणाऱ्यांत गरीब इटालियन स्थलांतरितांचा भरणा मोठा होता. नव्या कायद्यानुसार न हटणाऱ्या वादकाला दंडाऐवजी तीन दिवसांपर्यंत कैदही होऊ शके. लेखकाचे घर हे त्याचे कामाचे ठिकाण होते; वादकाचे कामाचे ठिकाण रस्ता हे होते. दोन उपजीविकांचा हा संघर्ष होता आणि त्यांतील एकीजवळच छापखाना होता. बॅबेजच्या शेजाऱ्यांचे मत त्याच्याच ग्रंथातून उलट बाजूने कळते. त्याच्या मागे जमाव लागे, त्याच्या दारासमोर मुद्दाम वाद्ये वाजवली जात, आणि वाद्यांना उत्तेजन देणाऱ्यांत दारूच्या गुत्त्यांचे मालक, नोकरचाकर, मुले यांच्याबरोबर क्वचित सरदारघराण्यांतील स्त्रियाही असतात, अशी त्याची नोंद आहे. म्हणजे जे एकास यातना वाटे, ते अनेकांस करमणूक वाटे. वादकांचे स्वतःचे शब्द हेन्री मेह्यू याने लंडनच्या श्रमिकांवरील आपल्या ग्रंथात नोंदवले नसते, तर आपल्यापुढे केवळ तक्रारदारांचीच बाजू राहिली असती. लंडनच्या रस्त्यांवर ढोलके वाजवणाऱ्या हिंदी माणसांचीही नोंद त्या ग्रंथात आहे.

याच सुमारास याच राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानासाठी केलेल्या कायद्यात वेगळा विचार दिसतो. मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या दंडसंहितेच्या १८३७ च्या मसुद्यावरील टिपणात असे दाखवले होते की, व्याख्या काटेकोर लावली तर दुसऱ्याच्या दौतीत टाक बुडवणे ही चोरी आणि घोड्यावरून जाताना कोणावर धूळ उडवणे हा हल्ला ठरेल. म्हणून सामान्य समजुतीचा व स्वभावाचा मनुष्य ज्याविषयी तक्रार करणार नाही, इतकी अल्प हानी अपराध मानू नये, असे तत्त्व १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ९५व्या कलमात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३३व्या कलमात ते कायम आहे. लंडनच्या कायद्यांनी तक्रारीची कारणे सांगितली. या कलमाने तक्रारदाराच्या स्वभावालाच मोजमाप लावले. परंतु ‘सामान्य स्वभावाचा मनुष्य’ कोण, हे ठरवताना ऑर्गनवाल्याला विचारावयाचे की बॅबेजला, हा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

स्थानिक दप्तरांतील अर्ज, कैफियती आणि वृत्तपत्रांतील वाचकांची पत्रे यांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने यातून एक दक्षता घ्यावी. तक्रारीच्या शब्दांवरून आवाज किती मोठा होता हे कळत नाही; तक्रार दाखल होण्यासाठी काय म्हणावे लागत होते, हे मात्र निश्चित कळते. अर्ज कोणाला लिहिला, त्या वेळी कोणते कलम लागू होते, त्यात कोणते कारण मान्य होते, आणि ज्याच्याविरुद्ध तो लिहिला त्याची बाजू कोठे मिळू शकेल, या चार प्रश्नांची उत्तरे शोधल्याखेरीज तक्रारदाराला हास्यास्पद ठरवू नये आणि त्याच्यावर विश्वासही ठेवू नये.