परदेशी प्रकल्पांचे लेखापरीक्षण व व्यवस्थापन

भारतीय कंपनीने परदेशात उभारलेल्या किंवा हिस्सा घेतलेल्या उद्योगाचे हिशेब तपासणे व त्याच्या कारभारावर देखरेख ठेवणे. पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील ठळक उदाहरण आकुर्डीच्या बजाज ऑटोचे आहे. या कंपनीने २००७ मध्ये नेदरलँड्समधील उपकंपनीमार्फत ऑस्ट्रियातील माटिगहोफेन येथील केटीएम या मोटारसायकल कंपनीत सुमारे १४.५ टक्के हिस्सा घेतला व पुढे तो वाढवला. केटीएमच्या कमी क्षमतेच्या मोटारसायकली चाकणला तयार होऊ लागल्या.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १२९(३) नुसार मूळ कंपनीला उपकंपन्या व सहयोगी कंपन्यांसह एकत्रित वित्तीय विवरणपत्रे मांडावी लागतात. परदेशातील हिशेब सहसा तेथील लेखापरीक्षक तपासतात. मूळ कंपनीचा लेखापरीक्षक ते काम पारखून त्याचा आधार घेतो. परदेशातील गुंतवणुकीचा वार्षिक कामगिरी अहवाल ३१ डिसेंबरपर्यंत द्यावा लागतो.

न विकलेल्या गाड्यांचा साठा व कर्जाचा बोजा यांमुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने दिवाळखोरी कायद्याखाली पुनर्रचनेचा अर्ज केला. नफ्याच्या आकड्यांइतकीच साठा, येणी व रोकड यांची नियमित तपासणी का आवश्यक असते, हे या घटनेने दाखवून दिले.