ताल आणि ठिकाण

मेंदूतील विद्युत्प्रवाहांचा कानोसा घेण्याची विद्या आज जवळजवळ दीडशे वर्षांची झाली आहे, आणि प्राण्याला वाट कशी सापडते व घडून गेलेले कसे स्मरते, या दोन प्रश्नांची जी काही उत्तरे आपल्या हाती आहेत ती बहुतांशी तिनेच मिळवून दिलेली आहेत. तिच्या इतिहासाकडे पाहताना एक गोष्ट मात्र मनाला सारखी खटकत राहते. ती अशी की, असंख्य पेशींच्या सामुदायिक तालाचा अभ्यास करणारे आणि एकेका पेशीचा स्वतंत्र स्पंद टिपणारे असे दोन संप्रदाय तीत निर्माण झाले, आणि एकाच अवयवावर, पुष्कळदा एकाच जातीच्या प्राण्यावर काम करीत असूनही त्यांनी आपापली दफ्तरे दीर्घकाळ वेगळी ठेवली.

तालाचा संप्रदाय वयाने वडील. 1875 साली लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन या वैद्याने ससे व माकडे यांच्या उघड्या मेंदूवर गॅल्व्हानोमीटर जोडून तेथे क्षीण प्रवाह वाहत असल्याचे दाखविले. परंतु या वार्तेची दखल त्या काळी फारशी कोणी घेतली नाही. पुढे जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर नावाच्या मनोरोगवैद्याने हाच प्रयोग माणसाच्या डोक्यावर केला. तरुणपणी लष्करात असताना तो घोड्यावरून तोफगाड्यापुढे पडून थोडक्यात बचावला होता, आणि त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला त्याच्या संकटाची चाहूल लागून तिने वडिलांकरवी तार पाठविली होती. मनापासून मनापर्यंत जाणारी ही शक्ती कोणती, हा ध्यास त्याला जन्मभर लागून राहिला. ती शक्ती त्याला सापडली नाही. 1924 साली त्याला जे सापडले ते म्हणजे स्वस्थ, डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या मेंदूतून सेकंदाला सुमारे दहा वेळा उठणारी एक नियमित लाट होय. आणि हे निष्कर्ष प्रसिद्ध करावयास त्याने आणखी पाच वर्षे घेतली. त्यावर तज्ज्ञांचा विश्वास बसला तो 1934 साली, केंब्रिजच्या एडगर एड्रियनने मॅथ्यूज या सहकाऱ्यासह प्रयोग करून दुजोरा दिल्यानंतर. हाच एड्रियन दुसऱ्या संप्रदायाचाही आद्य पुरुष. कारण एकट्या चेतातंतूतून जाणारे स्पंद त्यानेच प्रथम स्वच्छपणे नोंदविले होते, आणि 1932 चे नोबेल पारितोषिक शेरिंग्टनसमवेत त्याला मिळाले होते. दोन्ही विद्या एकाच पुरुषाच्या हाती एकत्र असूनही पुढे त्या विभक्त व्हाव्यात, याचे आश्चर्य वाटते.

कानशिलाच्या आतल्या बाजूस, मेंदूच्या घडीत दडलेल्या हिप्पोकँपस या वक्र अवयवात सशाच्या बाबतीत एक संथ, ठळक ताल उमटतो, असे युंग आणि कॉर्नम्यूलर यांनी 1938 साली लिहिले. या तालाला पुढे थीटा हे नाव रूढ झाले. 1954 मध्ये ग्रीन व आर्दुइनी यांनी दाखविले की, प्राणी सावध झाला म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरील लाटा विस्कळीत होतात आणि नेमका तेव्हाच हिप्पोकँपसचा ताल सुस्पष्ट होतो. म्हणून हा सावधपणाचा ताल, असे काहींनी ठरविले. हंगेरीत पेच येथे ग्रास्त्यान याने मांजरांवर काम करून त्याचा संबंध नव्या वस्तूकडे वळून पाहण्याच्या प्रतिक्रियेशी जोडला. या मतमतांतरांच्या गलबल्यात कॅनडातील केस व्हँडरवूल्फ या संशोधकाने जे केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. त्याने यंत्राइतकेच लक्ष उंदराकडे दिले. उंदीर चालू लागला, पोहू लागला, उडी मारू लागला की थीटा सुरू होतो, आणि तोच उंदीर जागच्या जागी चाटत, चघळत किंवा तोंड पुसत बसला की, पूर्ण जागा असूनही, तो ताल मोडतो, हे त्याने 1969 साली नोंदविले. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणे आणि हा ताल यांचे नाते त्यामुळे उघड झाले; पण हा ताल जागेच्या ज्ञानासाठी आहे काय, हा प्रश्न त्या दफ्तरात कोणी दाखल केला नाही.

तिकडे स्मृतीची बाजू एका दुर्दैवी शस्त्रक्रियेने उजेडात आणली. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे 1953 साली विल्यम स्कोव्हिल या शल्यवैद्याने हेन्री मोलेसन नावाच्या 27 वर्षांच्या तरुणाचे अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकँपसचा मोठा भाग काढून टाकला. झटके कमी झाले; परंतु त्या दिवसापासून 2008 साली मृत्यू येईपर्यंत त्याच्या आयुष्यातील घटनांची नवी आठवण जवळजवळ टिकली नाही. ब्रेंडा मिल्नर या विदुषीने स्कोव्हिलबरोबर 1957 मध्ये ही कैफियत प्रसिद्ध केली, आणि पुढे हेही दाखविले की, आरशात पाहून आकृती गिरविण्याचे कौशल्य त्याच्या हातात रोजच्या सरावाने येत होते, फक्त तो सराव आपण केला आहे याचे भान त्याला नसे. मोलेसनचे नाव जिवंतपणी गुप्त ठेवण्यात आले होते. त्याने वर्षानुवर्षे, कंटाळा न करता, परीक्षकांना दिलेल्या उत्तरांचे ऋण या शास्त्रावर फार मोठे आहे.

आता एकेका पेशीची हकीकत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जॉन ओकीफ हा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला संशोधक मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकँपसमध्ये केसासारख्या बारीक तारा बसवून एकेका पेशीचे स्पंद टिपीत असे. 1971 साली जोनाथन दोस्त्रोव्हस्की या सहकाऱ्यासह त्याने जो लहानसा निबंध छापला, त्यात 76 पेशींपैकी अवघ्या 8 पेशी उंदीर मंचाच्या एका विशिष्ट भागी आला असतानाच स्पंदत, असे म्हटले होते. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर त्याने सुचविले की, हा अवयव प्राण्याला परिसराचा नकाशा पुरवितो. बर्कलीच्या एडवर्ड टोलमनने उंदराच्या मनात असा नकाशा असावा हे 1948 मध्येच प्रतिपादन केले होते, पण त्याच्यापाशी पेशी नव्हत्या, ओकीफपाशी होत्या. अनेकांना ही कल्पना धाडसी वाटली. 1978 साली लिन नेडेलसह त्याने तिचा सविस्तर ग्रंथ केला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत जोनाथन विन्सन याने असे दाखविले की, मध्यवर्ती सेप्टम या भागाला, जिथून थीटाचा ठोका येतो त्या भागाला, इजा करून ताल नाहीसा केला असता उंदीर शिकलेली जागा विसरतो. या दोन दस्तऐवजांचे वाचन एकत्र व्हावयास हवे होते, पण आणखी पंधरा वर्षे तसे झाले नाही.

अडचण अशी होती. ओस्लो येथे ब्लिस आणि लोमो यांनी 1973 साली सशाच्या हिप्पोकँपसमध्ये पेशीपेशींमधील जोड वापराने दृढ होतो व तसाच टिकतो, हे सिद्ध केले होते. परंतु पुढे कळून आले की, असा जोड दृढ होण्यासाठी दोन पेशींचे स्पंद सेकंदाच्या काही शतांशांच्या अंतरात पडावे लागतात. उंदीर तर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचायला एखाद-दुसरा सेकंद घेतो. मग वाटेवरचे हे ठिकाण आणि त्यापुढचे ते ठिकाण यांची सांगड पेशींनी घालावी कशी? या प्रश्नाचे उत्तर 1993 साली ओकीफ आणि मायकेल रेसी यांच्या निरीक्षणातून हाती आले, आणि त्यासाठी त्यांना पेशीचे स्पंद व थीटाची लाट एकाच कागदावर एकाखाली एक मांडून पाहावी लागली. आपल्या तबल्याच्या भाषेत सांगायचे, तर थीटा हा सेकंदाला सहा ते दहा आवर्तने घेणारा ठेका, आणि ठिकाण ओळखणारी पेशी ही त्यावर गाणारी गायिका; उंदीर तिच्या हद्दीत पाऊल टाकतो तेव्हा ती आवर्तनाच्या उत्तरार्धात आपला स्वर लावते, आणि जसजसा तो पुढे सरकतो तसतसा तिचा स्वर दर आवर्तनाला थोडा आधी, आणखी आधी येतो. परिणामी एकाच आवर्तनात मागे पडलेल्या ठिकाणाची पेशी प्रथम, पायाखालच्या ठिकाणाची मध्ये आणि पुढे येणाऱ्याची शेवटी, अशा क्रमाने स्पंदतात. दोन-तीन सेकंदांची वाट अष्टमांश सेकंदात आटोपशीर घडी होऊन बसते, आणि जोड दृढ होण्यास लागणारे सान्निध्य आपोआप लाभते. वाट चालणे आणि वाट आठवणे या दोन क्रिया एकाच अवयवाच्या स्वाधीन का असाव्यात, याचे इतके समाधानकारक स्पष्टीकरण मला दुसरे आढळले नाही.

झोपेचे प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण ते स्वतंत्र लेखाच्या योग्यतेचे आहे. गाढ झोपेत थीटा थांबतो व त्याच्या जागी सेकंदाला दीडशे ते दोनशे कंपनांचे आखूड तरंग उमटतात. ग्रास्त्यानच्याच पेच येथील परंपरेतून आलेल्या द्योर्द्य बुझाकी याने 1989 मध्ये असे मत मांडले की, दिवसा नोंदलेले या तरंगांतून मेंदूच्या इतर भागांकडे पोहोचते. विल्सन व मॅकनॉटन यांनी 1994 साली जागेपणी एकत्र स्पंदलेल्या पेशी त्यानंतरच्या झोपेतही एकत्र स्पंदतात असे दाखविले, आणि 2009 मध्ये पॅरिस येथे हे तरंग उमटताक्षणीच खंडित केले असता उंदरांचे शिक्षण मंदावते, हेही दिसून आले.

दरम्यान नकाशाचे दफ्तर वाढतच होते. ब्रुकलिनमध्ये जेम्स रँक याला 1984 साली डोके कोणत्या दिशेला वळले आहे ते सांगणाऱ्या पेशी सापडल्या. नॉर्वेतील ट्रॉनहैम येथे माय-ब्रिट व एडवर्ड मोसर यांनी सहकाऱ्यांसह 2005 मध्ये हिप्पोकँपसच्या शेजारच्या एंटोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये अशा पेशी दाखविल्या, ज्यांचे स्पंद जमिनीवर षट्कोनी जाळ्याच्या बिंदूंवर पडतात, जणू प्राण्याने मुलखाची मोजणी करून ठेवली आहे. 2011 साली दोन गटांनी सेप्टम तात्पुरता निष्क्रिय करून थीटा मंदावला, तेव्हा हे जाळे विस्कटले. तालाची बाजू येथे जिंकली असे वाटते न वाटते तोच, त्याच वर्षी इस्राएलमधील यार्त्सेव्ह व उलानोव्हस्की यांनी फलाहारी वटवाघळांत असेच षट्कोनी जाळे, सलग थीटा नसतानाही, असल्याचे प्रसिद्ध केले. हा वाद अजून निकाली निघालेला नाही.

मोसर दांपत्याला आणि ओकीफला 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले ते ठिकाण सांगणाऱ्या पेशींबद्दल, आणि ते सर्वथा यथायोग्य होते. अल्झायमरच्या विकारात एंटोऱ्हायनल कॉर्टेक्स फार लवकर झिजू लागतो, आणि म्हणून घरातील वडीलधारे माणूस रोजच्या रस्त्यावर चुकू लागले तर ते वयावर ढकलून न देता वैद्याकडे न्यावे, हे आपण आज अधिकाराने सांगू शकतो, तेही या संशोधनामुळेच. तथापि सशाच्या मेंदूतील ताल टिपणारे युंग व कॉर्नम्यूलर, चालत्या उंदराकडे डोळे लावून बसलेला व्हँडरवूल्फ, आणि ताल गेला की ठिकाणही जाते हे दाखविणारा विन्सन, यांची नावे सामान्य वाचकापर्यंत पोहोचलीच नाहीत. या विद्येचा इतिहास पुढे जो कोणी लिहील त्याने 1971 या सालाच्या शेजारी 1938, 1969 आणि 1978 ही साले तितक्याच ठळक अक्षरांत मांडावीत.