लाल गंज, काळा डाग

गेल्या उन्हाळ्यात गावाकडचं जुनं घर पाडायला काढलं. भोकरदन तालुक्यातलं आमचं गाव, जालन्याहून एसटीनं गेलं की पाठ मोडते एवढं लांब. माळवद पाडण्याआधी सामान बाहेर काढताना एका पत्र्याच्या पेटीत आजोबांची धोकटी सापडली. धोकटी म्हणजे न्हाव्याची हत्यारं ठेवायची कातडी पिशवी. आत एक कातर, नखं काढायची नराणी, पितळेची वाटी आणि शिंगाच्या मुठीत घडी घातलेला एक वस्तरा. पातं लालेलाल.

दारात भंगारवाल्याचा टेम्पो उभाच होता. आमच्या जालन्यात भंगार वितळवून बांधकामाच्या सळ्या करणारे कारखाने ढिगानं आहेत. म्हणजे वस्तरा टेम्पोत गेला असता तर वर्षभरात कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसला असता. मी तो रुमालात गुंडाळून लॅपटॉपच्या बॅगेत टाकला.

आता एक कबुली. ऑफिसात कुणी विचारलं की मी "आजोबा शेती करायचे" असं सांगत आलोय. खोटं नाही, दोन एकर होती. पण पोट भरायचं ते धोकटीवर. हा लेख त्या वस्तऱ्याच्या सफाईबद्दल आहे, पण ही कबुली पुढे लागणार आहे म्हणून आधीच देऊन ठेवतो.

तर पुण्याला आल्यावर पहिल्याच शनिवारी कामाला बसलो. आपण इंजिनिअर, दोन व्हिडिओ बघितले की आपल्याला सगळं येतं! जाडा सँडपेपर घेतला आणि खसाखसा घासत सुटलो. तासाभरात पातं आरशासारखं चकचकीत. खूश होऊन फोटो काढला आणि जालन्यात सलून चालवणाऱ्या चुलत काकांना पाठवला. लगेच फोन आला.

"कामून घासलास रे एवढं? त्याच्यावर नाव होतं नं?"

होतं. पात्याच्या शेपटाकडच्या जाड भागावर दोन ओळींचा ठसा होता. एक ओळ कारखान्याच्या नावाची, ती मी पूर्ण पुसून टाकली होती. खालचा एकच शब्द अर्धामुर्धा शिल्लक होता: 'जर्मनी', अर्थात इंग्रजी अक्षरांत.

"अरे, लाल खातं, काळं खात नस्तं. लाल तेवढं काढायचं, काळं ऱ्हाऊ द्यायचं."

काकांनी केमिस्ट्रीचा अख्खा धडा एका वाक्यात उरकला. जुने वस्तरे साध्या कार्बन पोलादाचे. (स्टेनलेस पोलादाचा शोध १९१३ चा, शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीचा.) त्यावर चढणारा लाल गंज सच्छिद्र असतो, हवेतलं पाणी धरून ठेवतो आणि खाली खातच जातो. काळा थर म्हणजे लोखंडाचं वेगळं ऑक्साइड. ते घट्ट बसतं, आणि एकदा बसलं की खालच्या धातूचं थोडंफार रक्षणच करतं. तेव्हा योग्य पद्धत अशी: शिलाई मशीनचं तेल लावून पातं रात्रभर ठेवायचं. मग अगदी बारीक कागद, सहाशे नंबरपासून दोन हजारपर्यंत, बुचाच्या तुकड्यावर गुंडाळून हलक्या हातानं फिरवायचा. दिशा नेहमी पाठीकडून धारेकडे, म्हणजे हात सटकला तरी बोट धारेवर जात नाही. शेवटी मेटल पॉलिश, कोरडं फडकं आणि तेलाचा पातळ हात.

दोन गोष्टी मात्र अजिबात करायच्या नाहीत. एक, मशीनच्या चाकावर पातं धरायचं नाही. वस्तऱ्याचं पातं दोन्ही बाजूंनी आत कोरलेलं असतं, धारेपाशी कागदाइतकं पातळ. चाकाच्या घर्षणानं ते क्षणात तापतं, आणि तीनशे अंशांच्या आसपास निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं म्हणून समजा, धार टिकत नाही. दुसरं, पाठ घासायची नाही. धार लावताना पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकतात. पाठीची जाडीच धारेचा कोन ठरवते. म्हणजे कोन मोजायचं यंत्र वस्तऱ्यातच बसवलेलं आहे! ज्यानं कुणी हे डिझाइन केलं त्याला माझा दंडवत.

मी नाव पुसलं होतं, त्यामुळे कारखाना आता कधीच कळणार नाही. पण उरलेल्या एका शब्दानं बरंच सांगितलं. एकोणिसाव्या शतकात चाकू-वस्तऱ्यांत नाव होतं इंग्लंडच्या शेफील्डचं. जर्मनीत झोलिंगेन हे पात्यांचं गाव, आणि तिथला स्वस्त माल शेफील्डचे शिक्के मारून विकला जाई. शेफील्डवाल्यांनी ओरड केली आणि १८८७ साली ब्रिटिश संसदेनं कायदा करून अशा परदेशी मालावर देशाचं नाव घालणं भाग पाडलं. हिंदुस्थानात तसा कायदा १८८९ साली आला. 'मेड इन जर्मनी' ही अक्षरं म्हणजे मुळात बदनामीचा शिक्का होती. पुढे माल इतका चांगला निघाला की त्याचाच मान झाला. थोडक्यात, आमचा वस्तरा साधारण १८९० च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा.

१८९० हा आकडा बघून मी थांबलो. कारण न्हाव्यांच्या इतिहासात हे साल मोठं आहे.

त्या काळी ब्राह्मण आणि काही वरच्या जातींत नवरा मेला की बाईचं केशवपन करत. वयात न आलेल्या मुलींचंसुद्धा. नियम घालणारे वेगळे, पण वस्तरा न्हाव्याच्याच हातात. १८९० साली मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं, यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. यामागे होते सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक. ज्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली तेच हे लोखंडे. त्याच वर्षी, १० जून १८९० रोजी, गिरणी मालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली तीही त्यांच्याच लढ्यामुळे. म्हणजे ज्या वीकेंडला बसून मी वस्तरा घासतोय तो वीकेंड आणि त्या वस्तऱ्याचा नकार, दोन्ही एकाच माणसाकडे जातात. २००५ साली त्यांचं टपाल तिकीट निघालं. शाळेत मात्र मी हे नाव ऐकल्याचं आठवत नाही.

हा नकार मुंबईतून निघाला यात मला नवल वाटत नाही. शहरात न्हाव्याला रोख पैसे मिळत, एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं. खेड्यात बलुतं. वर्षभर गावाच्या दाढ्या करायच्या, लग्नकार्यात आणि सुतकात राबायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य मागायचं. तिथे 'नाही' म्हणणं म्हणजे वर्षाच्या भाकरीला नाही म्हणणं. आणि आमचा मुलूख तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, मुंबई म्हणजे परमुलूख.

हे वाचून माझी छाती फुगली. एवढं सगळं असताना आपण 'शेती करायचे' कशाला सांगत होतो? फोटोसकट ऑफिसच्या ग्रुपवर टाकणारच होतो, तेवढ्यात काकांचं वाक्य आठवलं. मी परत घासायला निघालो होतो! आधी लाज घासून काढली होती, आता अभिमानानं चकचकीत करत होतो.

कारण ह्याच वस्तऱ्याला दुसरी बाजू आहे. डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहिलंय की साताऱ्याला लहानपणी त्यांचे केस घरी मोठी बहीण कापायची. गावात न्हावी होता, पैसेही होते. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. हे काही फक्त साताऱ्याचं नाही, गावोगावी तेच होतं. मी काकांना सरळ विचारलं, आपल्या आजोबांचं काय? ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गावाची रीतच होती तशी बाबा. आबा काय गावाच्या भायेर होते का?"

म्हणजे 'नाही' म्हणायची ताकद ह्या वस्तऱ्यात होती. मुंबईत ती विधवांसाठी वापरली गेली, आमच्या गावात ती माणसाला माणूस न मानण्यासाठी वापरली गेली. एकच हत्यार. पोटासाठी गावापुढे वाकावं लागणाऱ्या माणसालाही त्याच्याखालचा कुणीतरी नाकारता येत होता, आणि माझ्या आजोबांनी तो नाकारला. हा काळा डाग. तो घासून काढायला गेलो तर ठशासारखंच होईल, उरेल ते चकचकीत पण बिननावाचं पातं.

आता हा वस्तरा वापरात येणार नाही. जिलेटनं फेकायच्या पात्याचा रेझर १९०३ मध्ये विकायला काढला, पहिल्या वर्षी विकले गेले फक्त ५१. पण शेवटी जिंकलं तेच. आज काकांच्या सलूनमध्येही प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड अर्धं मोडून वस्तऱ्यात सरकवतात. एड्स आणि काविळीची भीती लक्षात घेता तेच बरोबर आहे. गावाची दाढी एकाच पात्यानं करायचे दिवस गेले.

परवाच्या रविवारी मी दुसरी बाजू साफ केली, काकांच्या पद्धतीनं. लाल निघालं. काळे डाग राहिले, ढगांसारखे. आता पात्याची एक बाजू आरसा आहे आणि एक बाजू काळपट. खरं सांगायचं तर काळपट बाजूच बघत बसावीशी वाटते.

तेल लावून वस्तरा टेबलावर ठेवलाय. सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं तर सांगणार आहे, आजोबा न्हावी होते. पुढचं विचारलं तर पुढचंही.

असो. चहा गार झाला.